तुळशीशेजारचा पाइप

लक्ष्मीकांत जळगाव जामोदच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होता. म्हणजे प्रयोग करणारे दुसरे, बाटल्या धुणारा हा. वीस वर्षं त्यानं इतरांचे प्रयोग टेबलावर मांडले आणि उचलले, आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्याला स्वतःचा एक सापडला. घराच्या मागच्या खोलीत त्यानं टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत विजेची जोत काढणारं यंत्र, बांधायला घेतली. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची बारीक तार आणून पीव्हीसी पाइपवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळली, बुडाशी जाड तारेचे चार वेढे, आणि त्या चार वेढ्यांतली वीज सेकंदाला चाळीस लाख वेळा मागेपुढे हलवणारं ड्रायव्हर सर्किट. दीड वर्षात त्यानं त्या सर्किटातले तीसेक मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, जाळले. मग होळीच्या सुमारास एका संध्याकाळी तारेच्या टोकावर जोत उभी राहिली. जांभळट, चार बोटं उंच, जरासाही आवाज न करणारी. त्या दिवशी गडी जेवायचंसुद्धा विसरला.

त्याच्या बायकोला, स्नेहलताला, जोत आवडली नव्हती असं नाही. पण मागे एकदा मॉस्फेट फुटून त्याचा तुकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसला होता. तेव्हा तिनं सांगून ठेवलं होतं, "घरात कोणाले साधा झटका जरी बसला, तं हे सगळं भंगारवाल्याले देईन. मंग रडायचं नाई." ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि बोललेलं पाळायची.

आता अशा कॉइलला चांगलं अर्थिंग लागतं, आणि अर्थिंगला ओली माती. एप्रिलात त्या गावात ओली माती कुठून आणायची? घरात ती एकाच जागी होती, अंगणातल्या तुळशीच्या बुडाशी. लक्ष्मीकांतची आई जनकाबाई तिथं रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची. यानं तुळशीच्या कट्ट्याला लागूनच लोखंडी पाइप ठोकला, त्याची तार खिडकीतून आत घेतली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाला. जनकाबाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तुळशीला हळदीकुंकू लावून झालं की त्या पाइपच्या डोक्यालाही बोट टेकवू लागल्या. तुळशीच्या पंगतीला बसलेल्याला कोरडं कसं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. लक्ष्मीकांतला त्याची गंमत वाटली. त्यानं मोबाइलवर फोटोही काढला.

घात एका गुरुवारी झाला. तोवर तो कॉलेजातून मागून आणलेल्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून वीज घ्यायचा. त्यामुळे घरची वीज आणि सर्किट वेगवेगळे राहायचे आणि पाइपमध्ये झटका उतरायची भीती नव्हती. कॉलेजात सामानाची तपासणी निघाली म्हणून ट्रान्सफॉर्मर परत करावा लागला. शहाणा माणूस आठ दिवस थांबला असता. यानं दोनशे वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला आणि सर्किट सरळ मेनला जोडलं. बल्ब मंद पेटला. कॉइल करंट ओढून राहिली, असं तो समजला. खरं तर घरची वीज सर्किटातून, तारेतून पाइपमध्ये उतरत होती, आणि मध्ये बल्ब होता म्हणूनच फ्यूजसुद्धा उडाला नाही.

अंगणात तांब्या पडल्याचा आवाज आला. स्विच पाडून तो धावला. जनकाबाई खाली बसल्या होत्या. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरला होता, कुंकू मातीत सांडलं होतं.

"तुळशीनं मले झिडकारलं, लक्ष्मीकांता," त्या म्हणाल्या.

काय झालं ते त्याला तिथल्या तिथं कळलं. टेस्टर लावायचीही गरज नव्हती. सांगायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात स्नेहलता ओल्या हातांनी दारात आली, आणि तोंडातून भलतंच निघालं. "चक्कर आली असंल, माय. ऊन कसं तापून राह्यलं!"

सकाळचे साडेसहा वाजले होते.

दुपारी कोणी नाही असं पाहून त्यानं पाइप उपटला, तार गुंडाळून ठेवली. धोका गेला, आता सांगून उपयोग काय, अशी स्वतःची समजूत घातली. पण जनकाबाईंनी त्या दिवसापासून तुळशीकडे पाठ फिरवली. "मी तिले शिवू नाई," एवढंच म्हणायच्या. पहिल्या दिवशी कोरा चहा घेतला, दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई ती. स्नेहलतानं कण्या शिजवल्या, खिचडी केली, विनवण्या केल्या. त्या ताटाला हात जोडून ते बाजूला सारायच्या. लक्ष्मीकांत शुक्रवारी सांगायचं म्हणून त्यांच्या उशाशी जाऊन बसला, तर त्यांनी त्याच्याच डोक्यावरून हात फिरवला. "तू काऊन जीवाले लावून घेतं, बाप्पा? माह्याच करमाचं हाय हे." त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरी तो न बोलताच उठला.

शनिवारी सकाळी मात्र त्यानं मनाशी पक्कं केलं. कॉइल जायची तर जाऊ दे. तो स्वयंपाकघरात गेला. स्नेहलता भाकरी थापत होती, जनकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यानं घसा खाकरला, आणि त्याच्या आधी आईच बोलली.

"स्नेहलता, तुही ऑर्डर आली होती."

"कायची, आत्याबाई?"

"मास्तरणीची. वडनेर भोलजीच्या शाळेची. माणिकरावानं माह्याच हातात देल्ली होती. मी चुलीत घातली."

स्नेहलताचा हात भाकरीवरच थांबला. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती डी.एड. झाली होती, निवडीच्या यादीत तिचं नाव होतं, पण ऑर्डर आली नाही. दीड महिन्यानं चौकशीला गेली, तर मुदतीत हजर झाली नाही म्हणून जागा दुसऱ्याला गेली होती. पोस्टमन माणिकरावानं पत्र गहाळ केलं, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं. त्या माणसाला तिनं नंतर कधी चहा विचारला नाही. गेल्या साली तो वारला, तर त्याच्या मौतीलाही ती गेली नव्हती.

"तुहे सासरे खाटेवर पडून होते," जनकाबाई म्हणाल्या. "तू गेली असती, तं त्याहीचं कोणं केलं असतं? मले एकटीले झेपत नव्हतं. तुळशीले सारं माहीत हाय. इतके साल तिनं पोटात ठेवलं. परवा झिडकारलं."

लक्ष्मीकांतला यातलं काही माहीत नव्हतं. दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "माय, तुळशीनं नाई झिडकारलं. माह्या मशिनचा करंट होता. पाइपात उतरला होता."

जनकाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे ती कोपली नाई?"

"नाई, माय."

"मंग मी हे काऊन सांगतलं?"

स्नेहलतानं गॅस बंद केला, हात धुतले. ताटात भाकरी कुस्करली, वर वरण ओतलं आणि ताट सासूपुढे ठेवलं. "जेवा, आत्याबाई. आता जेवाले काय हरकत हाय?"

मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाले कधी समजलं?"

"काय?"

"करंट होता ते."

काल रात्री, असं म्हणता आलं असतं. तेवढी फट त्याला दिसलीही. "तवाच," तो म्हणाला. "तांब्या पडला तवाच."

"मी दारात आली तवा तुम्हाले माहीत होतं?"

"हाव."

 स्नेहलताचा आवाज चढला नाही. "आत्याबाईपुढं खाटेवरचा माणूस होता. आत्याबाईनं माही नोकरी जाळली, ते मी मरेपर्यंत इसरणार नाई, पण मले समजते. तुमच्यापुढं तं उपाशी माय होती, अन् तुम्ही मशिन वाचवलं."

दोन दिवसांच्या भुकेनं जनकाबाई रडत रडत भराभर घास घेत होत्या. त्यांना ठसका लागला. पाण्याचा पेला लक्ष्मीकांतच्याच हाताशी होता, पण त्याला सुचलं नाही. पाणी स्नेहलतानंच दिलं.