बुधरीचे दात आणि किंचाळणारी पेटी

चावडीपुढे सारं गाव लोटलं होतं. मधोमध कंठीबाबा, मांडीवर लाल कापडाखाली झाकलेली पेटी, आणि पेटीत म्हणे साक्षात माय.

"माय सुंगते. सात पिढ्यांची करणी हुडकते," बाबाची टकळी चालली होती. "पाप्याले पाहून रडते, पुण्यवानाले पाहून घुमते."

मुखरूचं पोर तापानं गेलं होतं. करणी कोणाची, ते आता माय सांगणार. बाया एकेक पुढे येत, पेटी हळू घुमे, बाबा "निर्मळ" म्हणून हात हलवी. काय ती मायची कृपा! म्हातारी विधवा सुईण बुधरी पुढे आली, आणि पेटी अशी किंचाळली की लेकरं रडू लागली.

"हीच. दात काढा हिचे," बाबा म्हणाला. "दात गेले का मंत्र फुटत नाई."

रेडिओ दुकानदार नूर मोहम्मद मूल गावाहून पंचायतीचा रेडिओ बसवायला आला होता. तो आवाज त्यानं लगेच ओळखला. पेटी त्याच्याच दुकानातली. रेडिओचा भोंगा तपासायचा जुना ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं यंत्र, त्यानं याच बाबाला विकला होता, वर शिकवलंही होतं: हे बटण उजवीकडे फिरवलं की सूर चढतो, डावीकडे उतरतो, हे दुसरं आवाज वाढवायचं. भजनात सूर धरायला पाहिजे, असं सांगून नेला होता लेकाच्यानं.

बोलावं, तर लोक म्हणतील हाही सामील. तो गप्प राहिला. तेवढ्यात मुखरूनं पक्कड लावली. एक दात निघाला. बुधरी ओरडली नाही, नुसती मुखरूकडे पाहत राहिली. त्याच्या गेलेल्या पोराची नाळ तिनंच कापली होती. दुसरा दात निघाला तेव्हा नूरला स्वतःची लाज वाटली आणि तो गर्दीतून पुढे घुसला.

त्यानं कापड ओढलं. बाबाचा अंगठा बटणावरच होता.

"पाटील, जरा इथी या," नूर म्हणाला. गुणवंतराव पाटील पुढे आले. नूरनं बटण पिळलं, पेटी किंचाळली. "आता या पाटलायचे दात काढता का?"

पाटलांनी चटकन तोंड मिटलं. बाबा मायच्या कोपाचं काहीतरी पुटपुटला. नूरनं बॅटरीची तार उपटली, आणि माय जागच्या जागी मेली.

"रेडिओचा व्हॉल्व्ह, बॅटरी आन् भोंगा. बस, एवढंच. मीच इकली, मीच शिकवली. दोन स्क्रू काढले असते तं दिसलं असतं. काऊन नाई काढले कोणी?"



"झालं ते झालं, बुधरी," पाटील म्हणाले. "घरी जाय."

बुधरीनं पदरानं तोंड पुसलं. शब्द फाटून येत होते. "मुखरू, पोरगं तापानं फणफणत होतं तेवा मी तुले डाक्टरकडं ने म्हणलं होतं. तू याले बलावून आणलं."

मुखरूनं हातातली पक्कड खाली टाकली. लोकहो, लेकराला ताप आला तर दवाखाना गाठा, आणि चमत्कार दिसला तर आधी त्याचं झाकण उघडा. त्या गावाला एवढं कळायला एक पोर आणि दोन दात लागले.