डिक्शनरीतला दोरा

खोडे सरांनी रजनीच्या वहीवर तांबड्या शाईने सही केली, सवयीने शेवटचं पान उलटलं आणि त्यांचा हात तसाच थांबला.

पेन्सिलीने लिहिलेली यादी. सातवा धडा. आजारी मित्राला पत्र. विहिरीची गोष्ट. निबंध : आठवडी बाजार.

चार ओळी. चारही त्यांच्या पेपरात होत्या.

आठवीच्या बोर्डाचा इंग्रजीचा पेपर यंदा सौसरचे दत्तात्रय खोडे काढत आहेत, हे दोनच माणसांना ठाऊक असायला हवं होतं. लाखेचा शिक्का मारून पाकीट पाठवणाऱ्याला, आणि स्वतः खोड्यांना. बायकोलाही, छायालाही, त्यांनी सांगितलं नव्हतं.

"हे कुठून उतरवलं?"

"वत्सलाच्या वहीतून, सर."

वत्सला तिसऱ्या बाकावर खाली मान घालून लिहीत होती. शालिकराम गजभिये सरांची मुलगी.

खोड्यांनी वही मिटली. पुढची घेतली.

*

घरी आल्यावर चपला काढण्याआधी त्यांनी डिक्शनरी उघडली. सौसरात एवढी मोठी दुसरी नव्हती. एम.ए.ची परीक्षा बाहेरून दिली त्या वर्षी नागपूरहून आणलेली. पेपरचा खर्डा तिच्यातच होता आणि खर्ड्यावर पिवळा दोरा आडवा. छायाच्या शिवणाच्या डब्यातला, बोटभर. कोणी पान उघडलं तर दोरा पडणार.

दोरा जागेवर होता.

त्यांना बरं वाटलं नाही. गजभिये हुशार माणूस. दोरा पाहिला असेल. परत ठेवला असेल.

गजभिये नववी-दहावीला इंग्रजी शिकवत. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी यायचे, ओसरीवर बसून डिक्शनरी पाहायचे, कागदावर शब्द उतरवून घ्यायचे. डिक्शनरी घराबाहेर न देण्याचा खोड्यांचा नियम होता. चहा छाया कोनाड्यातल्या निळ्या काठाच्या कपात आणायची. त्या कपातून घरचं कोणी पीत नसे. त्याबद्दल कधी कोणी काही बोललं नव्हतं.

पांढुर्ण्याला इंग्रजीच्या व्याख्यात्याची एक जागा निघाली होती. ज्येष्ठता यादीत गजभिये पाच महिन्यांनी वर. खोड्यांनी रामाकोन्याच्या प्राथमिक शाळेपासून सुरुवात केलेली, मग लोधीखेडा, मग इथे. अठरा वर्षं. गावात इंग्रजी तार आली की माणसं त्यांच्याकडेच धावत यायची. पेपर फुटला आणि फुटल्याची जागा त्यांचं घर निघाली, तर व्याख्याता राहिलं बाजूला, आहे ती नोकरीही

*

वाक्य त्यांनी मनातही पुरं केलं नाही.

*

बुधवार.

"येऊ का, खोडे सर? दहाच मिनिटं बसतो."

"या ना."

गजभियांनी डिक्शनरी मांडीवर घेतली. खोडे समोरच बसले. नेहमी ते आत जाऊन वह्या तपासायचे.

"आज पहारा देऊन राहिले का?" गजभिये हसले. "तुमची डिक्शनरी म्हंजे बँकेचं लॉकर हाय, सर. मालकासमोरच उघडा लागते."

खोडेही हसले. नंतर ते वाक्य त्यांनी तीनदा उलटून पाहिलं. लॉकर काऊन म्हणाला?

त्या दिवशी खर्डा तिच्यात होताच. मुद्दाम ठेवलेला. फक्त सकाळी त्यांनी एक बदल केला होता. मित्राचं पत्र काढून पोस्टमास्तरला तक्रारीचं पत्र घातलं होतं. मध्येच "पाणी आणतो" म्हणून ते आत गेले. शंभर आकडे मोजले. बाहेर आले तेव्हा गजभिये अंगठा जिभेला लावून पान उलटत होते.

ते गेल्यावर दोरा पाहिला. जागेवर. अगदी जागेवर.

*

गुरुवार. आठवीचा वर्ग. बासष्टावं पान, पोस्टमास्तरला पत्र.

पेपर हाती आल्यापासून खोड्यांनी एक पथ्य पाळलं होतं. जे पेपरात घातलं ते वर्गात शिकवायचं नाही. आपल्याच पोरांकडून तेवढंच घोटून घेणं ही बेइमानी. सातवा धडा असाच गेला. विहिरीची गोष्टही. या पथ्याचा त्यांना थोडा अभिमान होता, कोणाला सांगता येत नसला तरी.

"छोडो इसको," ते वर्गातल्या नेहमीच्या हिंदीत म्हणाले. "आगे चलो."

*

शनिवारी त्यांनी पुन्हा वह्या मागवल्या. रजनीचं शेवटचं पान.

पाचवी ओळ : पोस्टमास्तरला पत्र.

*

रविवारी दुपारी ते प्राचार्यांना अर्ज लिहायला बसले. गजभियांचा निरोप आला होता, पाहुणे आहेत, आज येत नाही. तोही निरोप त्यांनी अर्जात घालायचा का, याचा विचार केला.

पहिला खर्डा : आपल्या शाळेतील एक शिक्षक

फाडला.

दुसरा : श्री. शालिकराम गजभिये हे वारंवार माझ्या घरी. 'वारंवार' खोडून 'आठवड्यातून दोनदा'.

तिसरा : यावरून त्यांच्या सचोटीबद्दल मला

इथे पेन थांबलं. शिक्षकाच्या गोपनीय अहवालात सचोटीचा एक रकाना असतो. त्यात एक शेरा पडला की माणूस निवृत्तीपर्यंत जागच्या जागी. हे खोड्यांना ठाऊक होतं. गजभियांनाही ठाऊक असणार. अठरा वर्षांची नोकरी दोघांचीही.

त्यांनी वाक्य पुरं केलं. खाली सही केली. दोन घड्या घातल्या.

नुसत्या यादीवर भागणार नव्हतं. पोरीच्या तोंडून एकदा ऐकायचं, मग द्यायचा. अर्ज टेबलावरच राहिला.

*

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी वत्सलाला थांबवलं. संत्र्याची साल हातात लपवून ती उभी राहिली.

"वही दाखव. मागचं पान."

तिने दाखवलं. पाच ओळी. प्रत्येकीपुढे तारीख.

"ही यादी बाबांनी दिली?"

"नाही सर. बाबा कायले देतीन? तुमीच देता."

"मी?"

"तुमी जे सोडता ते मी लिहून ठेवतो. म्हंजे घरी करता येते." ती एका दमात बोलली. "मागल्या वर्षी दादाच्या वर्गात तुमी काहीच सोडलं नव्हतं. म्हून मी बाबाले विचारलं, सर यंदा काऊन सोडून राहिले? बाबा म्हणे, सरांले काही अडचण असंल, विचारू नको. मी शिकवतो. मंग ते तुमच्याकडे येऊन शब्द पाहतात न् मले सांगतात. रजनी मांगे म्हून तिले बी देलं उतरवाले. चुकलं का, सर?"

खोडे तारखा पाहत होते. शेवटची गुरुवारची.

"नाही," ते म्हणाले. "जा. डबा खा."

*

त्या संध्याकाळी त्यांनी पेपरचा खर्डा चुलीत घातला आणि नवा काढायला घेतला. एकही प्रश्न जुना नाही. मंगळवारी वर्गात सातवा धडा शिकवला. विहिरीची गोष्ट स्वतः वाचून दाखवली, बादलीचा आवाज काढून. पोरं हसली. बुधवारी सकाळी नवा पेपर रजिस्टरने गेला. पोस्टातून बाहेर पडताना आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

संध्याकाळी सायकलची घंटी वाजली तेव्हा ते न्हाणीत पाय धूत होते. ओसरीवर आले तर गजभिये डिक्शनरी उघडणार, तोच त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि गजभियांच्या पिशवीत ठेवली.

"घरी घेऊन जा."

"आँ?"

"घेऊन जा हो. किती दिवस ओसरीवर बसून पाहान?"

गजभिये पिशवीकडे पाहत राहिले. "आज सूर्य कोणीकडून निघाला होता?"

"पाहिजे तितके दिवस ठेवा."

सायकल वळणावर दिसेनाशी झाली. खोडे आत येऊन टेबलाशी बसले. टेबल मोकळं होतं.

"छाया, इथं एक कागद होता."

"घडीचा ना? गजभिये सर येताना दिसले, म्हून डिक्शनरीत घातला." ती कणीक मळत होती. "उघड्यावर राहू देत नाही तुमी कागद. दोरा बी ठेवला वरून, तुमी ठेवता तसा."

खोड्यांनी चपला घातल्या. बुद्धविहाराच्या गल्लीपर्यंत ते जवळजवळ धावत गेले. गजभियांच्या खिडकीत दिवा होता. वत्सला मोठ्याने काही वाचत होती. मध्येच ती थांबली.

परत मागावं, तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

ते माघारी आले.

*

गुरुवारी सकाळी शाळेच्या आधी गजभिये आले. ओसरीवर चढले नाहीत, पायरीशीच उभे राहिले. डिक्शनरी धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेली होती.

"घ्या. झालं काम."

"इतक्यात?"

"हाव. एकच शब्द पाहायचा होता."

आतून छायाने विचारलं, "सर, चहा टाकू?" कोनाड्यात कपबशी वाजली.

"नको, वहिनी. उशीर होऊन राहिला."

त्यांनी सायकल वळवली, मग काही आठवल्यासारखं करून पुन्हा उभी केली. शर्टाच्या खिशातून कागदाची छोटी पुडी काढली आणि खोड्यांच्या हातात दिली.

"उघडताना पडलं यातून. तुमची खूण असंल म्हून जपून ठेवलं." मग पायडलवर पाय ठेवत म्हणाले, "वत्सला सांगे, सातवा धडा शिकवला तुमी. चांगला शिकवला म्हणे."

घंटी न वाजवता ते गेले.

खोड्यांनी डिक्शनरी उघडली. अर्ज आत होता. दोनच घड्या, सरळ, कुठे डाग नाही, रेघ नाही. त्यांनी पुडी सोडली. बोटभर पिवळा दोरा.

आत चहाला उकळी आली होती. दोरा तळहातावर घेऊन, तो एकच शब्द कुठला ते शोधत, ते पानं उलटत राहिले.