शुक्रवार नसलेला आठवडा

“लागीताई, दोन दिवसांपूर्वीची फाइल आहे हो, गुरुवारची! एवढं शोधायला किती वेळ?” फुआतिनो माझ्या खुर्चीमागे येरझारा घालत होती.

सामोआत, आपियातल्या आमच्या ध्वनिसंग्रहात ती तेवीस वर्षं टंकलेखन करत होती. नाताळची सुट्टी होती, तरी गुरुवारी तिच्यासाठी मी कुलूप काढून दिलं. दुपारी चार वाजता तिनं आईला माइकसमोर बसवलं आणि घराण्याच्या चौदा पिढ्यांची नावं म्हणवून घेतली. ती फक्त म्हातारीलाच पाठ होती. चर्चला जायच्या घाईत फाइल कुठंतरी ठेवली, नावही दिलं नाही. आणि आज, शनिवारी पहाटे म्हातारीची वाचाच गेली.

संगणकात चाळीस हजार फाइली. पण काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, की अमुक दिवसांपूर्वी बदललेल्या फाइली यंत्र शोधून द्यायचं. मी लिहिलं:

find . -mtime 2

काहीच नाही. दोनाऐवजी एक लिहिला. तरीही नाही.

“पुसली गेली ना? खरं सांगा!”

“थांब गं! जीव नको खाऊ.”

“एवढं मिरवता त्या काळ्या पाटीवर, आणि एक फाइल सापडेना!”

मला काय सुचलं कोण जाणे. मी विचारलं, “काल काय जेवलीस?”

“काल ना? तारो नि मासे.”

“ते गुरुवारी. शुक्रवारी काय जेवलीस?”

ती बोटांवर वार मोजायला लागली. मग दोन्ही हात डोक्यावर मारून ओरडली, “अगं बाई! शुक्रवार तर सरकारनं खाल्ला!”

त्याच आठवड्यात आमच्या देशानं तारीखरेषेची बाजू बदलली होती. गुरुवारी रात्री झोपलेला अख्खा सामोआ उठला तो थेट शनिवारी. मधला वार झालाच नाही. आम्ही वार मोजत बसलो होतो आणि यंत्र मोजत होतं तास. गुरुवारी दुपारी चारपासून आज सकाळी दहापर्यंत अठराच तास झाले होते, एक दिवसही पुरता नाही!

मी शून्य लिहिलं.

एकच ओळ उमटली.

“लावा! लावा ना ताई!”

आधी खोकला आला, मग म्हातारीचा करडा आवाज: “झालं का गं तुझं चालू? किती वेळ ताटकळायचं?” आणि पहिलं नाव.

मी फुआतिनोकडे खुर्ची सरकवली. तिनं ती बाजूला केली आणि जमिनीवर मांडी घालून, मान खाली घालून बसली. थोरलं माणूस बोलत असताना आमच्यात बसतात तशी.