पुढच्या पेटीतले बटाटे

वुब्बोनं ती डिझेलची छोटी एसयूव्ही घेतली, तेव्हा फ्राउकेनं नवऱ्याला अंगणातच सांगून टाकलं होतं, की ही बकरी आपला हत्ती ओढायची नाही. हत्ती म्हणजे त्यांची कॅराव्हान. चाकांवरचं घरच ते, त्यात पलंग, शेगडी, संडास, आणि लग्नापासून साठवलेलं सगळं किडूकमिडूक. वुब्बो पडला ख्रोनिंगनचा, उत्तरेकडच्या सपाट मुलखातला. तिकडची माणसं अगदी हरखून गेली, तर म्हणतात, ‘यापेक्षा वाईट झालं असतं.’ नाराज झाली तर काहीच म्हणत नाहीत. तो काहीच म्हणाला नाही. गाडीच्या पाठीला कॅराव्हान अडकवली आणि दर उन्हाळ्यासारखा फ्राउकेला घेऊन इटलीतल्या त्यांच्या नेहमीच्या तळ्याकडे निघाला.

सामान त्यानंच भरलं होतं. कॅराव्हानच्या मागच्या रॅकवर बॅटरीच्या दोन सायकली. मागच्या पलंगाखाली तंबू आणि हत्यारांची पेटी. आणि अगदी पुढे, गाडीला जोडतात तिथं वर जी पेटी असते, तिच्यात जास्तीची गॅसटाकी, बिअरची खोकी, शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या आणि घरच्या बटाट्यांची दोन पोती. इटलीत बटाटे मिळतात हो, पण ते उकडल्यावर फुलत नाहीत. तळ्याकाठी गावाकडची चार बिऱ्हाडं या बटाट्यांची वाट बघत बसलेली असायची.

सपाटीवर सगळं ठीक चाललं. मग डोंगर सुरू झाले आणि बकरीला धाप लागली. एका चढावर रस्त्याच्या कडेनं एक गाय चालली होती. ती यांच्या पुढं गेली, वळणावर थांबून रवंथ केलं, आणि हे दिसल्यावर कंटाळून पुन्हा पुढं गेली. मागे मोटारींची एवढी लांब रांग लागली, की शेवटचा माणूस अजून जर्मनीतच असेल. फ्राउकेला मात्र हसू येत नव्हतं. तिची नजर उष्णतेच्या काट्यावर होती. काटा लाल रेघेला टेकत होता, आणि उजव्या हाताला दरी होती. इंजिन बंद पडलं आणि हत्तीनं आपल्याला मागं ओढलं तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. परत फिरू या, असं तिनं दोनदा म्हणून पाहिलं. वुब्बो म्हणाला, इंजिन नवं आहे, रुळतंय अजून.

तेव्हा फ्राउकेनं ठरवलं, की ऐकत नाही ना, मग आपणच ओझं कमी करायचं. थांब्यावर वुब्बो संडासाला गेला की निवांत बसायचा. पुढची पेटी बाहेरून उघडते, किल्ली तिच्या खिशात. पहिल्या थांब्यावर तिनं सगळ्या बरण्या एका पोलिश ट्रकवाल्याला देऊन टाकल्या. दुसऱ्या थांब्यावर बिअर गेली. बटाट्याचं एक पोतं मठातल्या ननांच्या बसमध्ये चढलं. त्यांनी बिचाऱ्यांनी तिथंच हात जोडून तिच्यासाठी प्रार्थना केली. माथ्याच्या अलीकडे खानावळीच्या आचाऱ्यानं दुसरं पोतं आणि गॅसटाकी घेतली, आणि या बाईला वेड लागलंय अशा नजरेनं तो बराच वेळ बघत राहिला.

दर थांब्यानंतर गाडी हलकी चालायला लागली. दबलेलं तिचं बूड वर आलं. काटा खाली उतरला. वुब्बोनं स्टिअरिंगवर थाप मारली.

“बघ. रुळलं की नाही?” तो म्हणाला. “यापेक्षा वाईट झालं असतं.”

फ्राउके खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला बरंही वाटत होतं आणि चोरट्यासारखंही.

माथा ओलांडला, उतार लागला, आणि दुसऱ्याच वळणानंतर कॅराव्हानची शेपटी हलली. आधी हळू. मग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, प्रत्येक खेपेला जास्त. गाडीचं बूड तिच्यामागं फरफटायला लागलं. आरशात एकदा घर दिसायचं, एकदा दरी. वुब्बोनं ब्रेक दाबला नाही, नुसता टेकवला, आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. त्याच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. पुढे कडेला, ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी केलेला खडीचा चढ होता. त्यानं गाडी त्यात घातली. चाकं रुतली, घर एकदा कण्हलं आणि थांबलं.

तो उतरला, तिच्याकडून किल्ली घेऊन मागं गेला, आणि पेटी उघडली. आत एक कांदा होता.

“बटाटे?”

“ननांना दिले,” फ्राउके म्हणाली. “आणि आचाऱ्याला.”

त्यानं कांदा हातात घेतला. मग सांगितलं, अगदी हळू, की कॅराव्हानचं नाक जड लागतं. नाक हलकं आणि शेपटी जड झाली की ती नाचते.

“आधी सांगायचंस, फ्राउके.”

“अंगणात सांगितलं होतं. ही गाडी पुरायची नाही म्हणून.”

वुब्बोनं कांदा पेटीत परत ठेवला. “ऐकलं होतं,” तो म्हणाला. “मला माहीतही होतं. पैसे देऊन बसलो होतो.”

दोघांनी सायकली आत आणून पुढच्या भागात बांधल्या. हत्यारांची पेटी पुढं सरकवली. तरी नाक हलकंच. खाली ओढा होता. मग दोघं उन्हात खेपा घालून धोंडे आणत राहिले, ओले, गुळगुळीत, बटाट्याएवढे आणि त्याहून मोठे, पेटी काठोकाठ भरेपर्यंत. मग मुंगीच्या पावलानं खाली उतरले. प्रत्येक वळणाला फ्राउके दाराची मूठ गच्च धरायची, आणि वुब्बो आता ते बघत होता.

तळ्याकाठी शेजारी टोपल्या घेऊनच धावत आले. कुणीतरी पेटीचं झाकण उचललं, आणि सगळ्यांच्या टोपल्या खाली आल्या.

“यंदा पीक असं आलं,” वुब्बो म्हणाला. “जरा जास्त वेळ उकडा.”

ते हसले. फ्राउकेला हसता आलं नाही. तिच्या हातातला कॉफीचा कप बशीवर खडखडत होता. वुब्बोनं बशी खालून धरली, खडखड थांबेपर्यंत.

“घर इथंच ठेवू,” तो तिला ऐकू येईल एवढ्याच आवाजात बोलला. “हवं त्याला देऊन टाकू. परत जाताना दोघंच. घाटात तू म्हणशील तिथं थांबायचं.”

ती तळ्याकडे बघत राहिली. उत्तर द्यायला तिनं वेळ लावला, आणि त्यानं तो लावू दिला.

“यापेक्षा वाईट झालं असतं,” ती म्हणाली. या खेपेला ते अक्षरशः खरं होतं.