डमडमच्या गल्लीत पकडलेली माकडटोपी

मित्रांनो, मी एक जुनी माकडटोपी आहे. नावाला हसू नका. कोलकात्यात थंडी पडते ती जेमतेम दीड महिना, पण तेवढ्यात इथली माणसं आमच्यावाचून दारात दूध घ्यायलासुद्धा येत नाहीत.

माझा जन्म पोलीस ठाण्यात झाला. शैलाबाई तिथे फौजदार होत्या. काम नसलं की त्या सुया काढून बसत. तपकिरी मऊ लोकर, दुहेरी वीण. एका पाकीटमाराने तर जबानी देता देता माझ्या लोकरीचा गुंडा धरला होता. म्हणजे मी लहानपणापासून गुन्हेगारांत वाढले!

शैलाबाईंचे यजमान दिगंबरराव गुप्तचर खात्यात होते. तीन पिढ्या बागबाजारात राहिलेलं हे मराठी घर. मला तोंडावर ओढलं की चेहऱ्याचं डोळ्यांशिवाय काही दिसत नसे, म्हणून त्यांनी मला वेषांतराचं साधनच करून टाकलं. पाळतीवर आम्ही किती हिंडलो! चोर सापडला की साहेब त्यांची पाठ थोपटत. घाम टिपला मी, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे ते निवृत्त झाले आणि मी खुंटीवर गेले. धूळ बसली, कसरीने एक कोपरा खाल्ला. मीही मग रुसूनच बसले.

१९७१ सालचा जानेवारी होता. त्या दिवसांत शहरात पोलिसांवर हल्ले होत. शैलाबाईंची नोकरी अजून बाकी होती. त्या चहाच्या वेळेला घरी येत, पण त्या दिवशी चहा निवून गेला, दिवेलागण झाली, तरी बाई आल्या नाहीत. दिगंबररावांनी दोनदा दार उघडून पाहिलं. मग मला खुंटीवरून ओढलं आणि ठाणं गाठलं.

"दीदी तो कखोन बेरिये गेछेन! कालो शाडी पोरे," हवालदार म्हणाला. म्हणजे बाई काळी साडी नेसून केव्हाच बाहेर पडल्या होत्या.

"वेषांतर!" दिगंबरराव पुटपुटले. "कोणाच्या तरी मागावर एकटीच गेली. मला न सांगता!"

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने बाई डमडमच्या बसमध्ये चढल्याचं सांगितलं. आम्ही डमडमला उतरलो. तिथला रिक्षावाला म्हणाला, "काळी साडी? एक कशाला, पाच-सहा जणी त्या पिवळ्या घरात गेल्या."

दिगंबरराव विजेच्या खांबाआड उभे राहिले. काळ्या साडीतल्या बायका एकेक करून आत शिरत होत्या. बाहेर पडणारी प्रत्येक जण पदराखाली काहीतरी लपवून नेत होती. "टोळी आहे," ते म्हणाले. "आणि ती आत अडकली आहे." त्यांनी मला हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने माझ्यासकट त्यांची मान धरली.

"कोण रे तू? बायकांवर नजर ठेवतोस? हात वर!"

इतक्या वर्षांच्या नामांकित गुप्तहेराने मुकाट्याने हात वर केले. खिडकीतून पाहून मागच्या दाराने आलेल्या शैलाबाईंनी मला खसकन उपटून काढलं. त्यांच्या कपाळावर ठसठशीत हळदकुंकू होतं आणि काखेत वाणाची चहाची गाळणी.

"अगं बाई! अहो, तुम्ही?"

"तू... तू ठीक आहेस ना?"

"मला काय झालंय? काल सांगितलं नव्हतं का, वृंदाताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे म्हणून? काळ्या साडीला इस्त्रीसुद्धा तुमच्यासमोरच केली!"

सांगितलं होतं. मी खुंटीवरून ऐकलं होतं. पण हळदीकुंकवाचं नाव निघालं की लग्न झाल्यापासून दिगंबररावांचे कान आपोआप मिटत.

खिडकीतल्या बायका खो खो हसत होत्या. शैलाबाईही हसू लागल्या आणि मला झटकता झटकता थांबल्या. मी गालांपाशी पार भिजले होते.

"रडत होता?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे! लोकर टोचते ही."

मित्रांनो, मी जन्मात कोणाला टोचले नाही. पण त्या वेळी तो आळ मी आनंदाने सोसला. शैलाबाईंनी मला पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढवलं, कान तेवढे उघडे ठेवले, आणि हाताला धरून त्यांना तिळगूळ खायला आत नेलं.

आता मी विटले आहे. तरी एवढं सांगते. लोकर कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, वर्षानुवर्षं खुंटीवर टांगू नका. आणि घरातलं माणूस "मी अमक्याकडे जाते" असं सांगत असेल, तर नीट ऐका. ते परत येईपर्यंत मागे राहिलेल्याला तेवढाच तर आधार असतो.