बाळंतिणीच्या खोलीतली मेडिनिला

नवतपाचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांतला, तिसरा दिवस होता, पारा शेहेचाळीसवर गेला होता आणि रुपराव कूलरवाले अंगणातल्या एका जुन्या कूलरच्या पेटीत मुंडकं घालून आनंदानं ओरडत होते.

"कौसल्या! सुटली वं! वरची पाकळी सुटून राहिली!"

कौसल्याबाई काही पोळ्या टाकून धावत आल्या नाहीत. "कालपासून चारदा सुटली ते," त्या आतूनच म्हणाल्या. "झाडाले कूलर अन् मले हातपंखा. नशीबच लागते बाप्पा!"

पाकळी सुटली नव्हतीच. पण आज-उद्या सुटणार होती, यात शंका नव्हती. मक्याच्या कणसाएवढी गुलाबी कळी देठाला उलटी लोंबत होती आणि तिच्या जाड पाकळ्या एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. आत मोत्यांसारखे फुलांचे घोस असतात म्हणे. म्हणे, कारण रुपरावांनी ते अजून पाहिले नव्हते, आणि ते पाहायचे म्हणून हा साठीचा गडी गेले आठ दिवस धड जेवला नव्हता.

मेडिनिला हे कुठल्याशा समुद्रापारच्या बेटांवरचं झुडूप. दोन वीत उंची, पान जाडजूड, आणि नखरे विचारू नका. थंडी सोसत नाही, ऊन सोसत नाही, कोरडी हवा तर मुळीच नाही. थोडक्यात, नागपुरात राहायला संपूर्ण नालायक. वामनराव नर्सरीवाल्यानं हौसेनं सात रोपं आणली, त्यातली सहा पहिल्याच उन्हाळ्यात वाळून कोळसा झाली. सातवं त्यानं रुपरावांच्या हातात दिलं होतं. "माह्याच्यानं मरतं पाहवत नाही गा," तो म्हणाला होता.

रुपरावांना ते झोंबलं. तीस वर्षं आपण अर्धं नागपूर थंड ठेवतो, आणि हे दोन वितींचं झाड आपल्याला ठेवता येऊ नये? त्यांनी एका भंगारातल्या कूलरचा पंखा काढून टाकला, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, वरून पंपानं थेंबथेंब पाणी सोडलं आणि कुंडी आत ठेवून दिली. बाहेर लू, आत श्रावण! जानेवारीत पारा आठावर उतरला तेव्हा त्याच पेटीला गोणपाट गुंडाळून आत बल्ब लावला. दोन वर्षं हे चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात कळी आली.

आणि नेमक्या त्याच दिवशी, रविवारी दुपारी, फोन वाजला. सक्करदऱ्याच्या जयवंताबाई होत्या, वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक.

"भाऊ, कूलरचा पंप जळला. आमची मेघा बाळंतपणाले आली आहे, आठ दिवसांची पोर आहे घरात. घामोळ्यानं अंग लाल झालं तिचं. काही करा, पण आत्ता या!"

मागे ती पोर रडत होती, तेही ऐकू येत होतं. रुपरावांनी हत्यारांचा डबा उपसला. पंप एकही नव्हता. ऐन सीझन, त्यात रविवार, इतवारीच्या बाजारातली दुकानं बंद. नागपुरात त्या क्षणी त्यांच्या हाताशी एकच चालता पंप होता, आणि तो मेडिनिलाच्या डोक्यावर पाणी सोडत होता.

'पंप नाही' असं सांगायला काय हरकत होती? डब्यात खरोखरच नव्हता. हा विचार रुपरावांनी केला, अगदी दोनदा केला. मग स्वतःलाच एक ठेवणीतली शिवी हासडली आणि पंप उपसून खिशात घातला. पण पाण्याशिवाय कळी संध्याकाळपर्यंत भाजून निघाली असती. म्हणून कुंडीलाही ओलं गोणपाट गुंडाळलं, ती स्कूटरवर दोन्ही गुडघ्यांत धरली आणि भर दुपारी निघाले. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, कोणाले पळवून नेऊन राहिले?" रुपराव कळीवर आपल्या दुपट्ट्याची सावली धरण्यात गुंतले होते.

पंप दहा मिनिटांत बसला. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीत बाहेरून उभा केलेला तो कूलर घोंघावू लागला. आणि आत भांडण सुरू झालं.

"बंद कर ते! बाळंतिणीच्या अंगावर सरळ वारा? कानात वारा बसला म्हणजे जन्माचं दुखणं," जयवंताबाई कडाडल्या.

"आई, मी शिजून राहिली वं!" कानाला स्कार्फ बांधलेली मेघा रडकुंडीला आली होती.

रुपराव दाराबाहेरून हे ऐकत होते. एकाएकी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"वहिनी, वारा सरळ नकोच. माह्यी कुंडी स्टुलावर ठेवा, कूलर अन् पाळण्याच्या मधात. पानं जाड आहेत, वारा अडते, थंडावा तेवढा जाते. अन् झाडालेही तेच पाहिजे."

जयवंताबाईंनी कुंडीला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पान चिमटीत धरून दाबलं आणि ती कमरेवर घेऊन आत गेल्या. रुपराव आपले मागोमाग. बाईंचा हात दारात आडवा झाला.

"तुम्ही कुठं, भाऊ? बारशापर्यंत आत कोणी नाही. आमचे जावई उंबऱ्यावरून पाहून गेले."

"पण वहिनी, माह्यी कळी..."

"बारशाले या. चार दिवसांनी. जेवालेच या."

दार बंद झालं. दोन वर्षं पोसलेल्या झाडाची कळी आपणच उचलून अशा खोलीत पाठवली, जिथं आपल्यालाच मज्जाव आहे, हे रुपरावांना तेव्हा कळलं. चार दिवसांनी ती काय फुलायची थांबणार होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते हजर. "पंप कसा चालून राहिला, पाहाले आलो." तिसऱ्या दिवशी साडेसहाला. पंपाची एवढी काळजी त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती. मेघा बिचारी दाराआडून खबर द्यायची. "काका, खालून थोडी फुगली." "काका, रंग उजळला." फोटो काढावा तर बाईंनी खोलीत मोबाईलच बंद केला होता, तान्ह्या पोरीला दृष्ट लागते म्हणून. रुपराव ओसरीवर बसून एकेका वाक्यातून ती कळी डोळ्यांपुढे आणायचे आणि चहा गार करायचे.

चौथ्या दिवशी ते फाटकातून आत शिरतात न शिरतात तोच आतून आवाज आला.

"काका! उघडली! उघडून राहिली! आत काय काय लटकून आहे, बापरे!"

रुपराव दारापर्यंत गेले. दार बंद. परत फिरले. पुन्हा गेले. आणि मग त्यांना जे आठवलं ते कूलरवाल्याला पहिल्याच दिवशी आठवायला हवं होतं. दार बाईंचं होतं, पण कूलर तर बाहेर होता!

ते घराच्या मागे धावले. "वहिनी, पंखा बंद करा जरा! ताटीतून पाणी बरोबर उतरत नाही!" ही शुद्ध थाप होती. पंखा थांबला. त्यांनी बाजूची ताटी काढली, खांद्यापर्यंत आत शिरले आणि पात्यांच्या मधल्या फटीला डोळा लावला.

हातभर अंतरावर मेडिनिला फुलली होती. वरच्या गुलाबी पाकळ्या छत्रीसारख्या पसरल्या होत्या आणि त्यांच्याखाली बारीक फुलांचे मजल्यावर मजले लोंबत होते, कुठं फिके, कुठं गडद, सगळ्यांवर पाण्याचे तुषार. इतकं सुंदर काही या कूलरच्या पेटीतून दिसेल, असं रुपरावांना तीस वर्षांत वाटलं नव्हतं. हसावं की रडावं ते समजेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं झालं.

तेवढ्यात त्यांच्या मानेवरून उन्हाची झळ आत गेली. फुलाचे झुबके हलले. त्यांच्या पलीकडे पाळणा होता. पोर चुळबुळली, तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब जमला आणि ओठ रडण्यासाठी वाकडा झाला. ताटी काढून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

रुपरावांनी डोकं बाहेर काढलं. ताटी उचलली, जागेवर बसवली, खटके लावले आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं.

"काका," मेघा आतून हळूच म्हणाली, "मी पाहिलं तुमाले. नीट दिसलं काय? आई झोपली आहे, पंखा मीच बंद केला. आणखी पाहून घ्या ना."

"नाही वं बाई." रुपराव म्हणाले. "पोटभर पाहिलं. तू बटन दाब, पोरगी उठून राहिली."

पंखा गरगरला, ताटीतून पाणी उतरू लागलं. रुपराव तापलेल्या भिंतीशी तसेच उन्हात उभे राहिले, आतलं रडणं थांबेपर्यंत.