सगळीकडे सारखा हिरवा

सरकारी पत्रकात साबण कसा करावा याला चार ओळी होत्या आणि त्याच्या रंगाला अर्धं पान. वडी हिरवी असावी, हिरवा सगळीकडे सारखा असावा, ठिपका, रेघ किंवा ढग आढळल्यास माल नापास. हे लिहिणाऱ्यानं जन्मात कधी साबण ढवळला नसणार, हे मूल या तालुक्याच्या गावापलीकडच्या त्या खेड्यात फक्त सत्यशीलाच्या लक्षात आलं. कारण पत्रक शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच होती.

गोष्ट शहाऐंशी सालची. समाजमंदिराच्या पडवीत बायांसाठी साबणकेंद्र निघालं होतं. पोत्यांतून पांढऱ्या साबणाच्या लाद्या यायच्या. त्या चिरायच्या, उकळत्या पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, लहान गंज ठेवून वितळवायच्या, रंग घालायचा आणि ओतायचं, एवढंच काम. साचे पत्रकात होते, पोत्यात नव्हते. मग बायांनीच बांबूची पेरं उभी चिरली, आतून मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल फासलं, सुतळीनं बांधली आणि साचे म्हणून उभी केली. गोल गोल वड्या पडायला लागल्या. सरकारला याचा पत्ता नव्हता, तेही बरंच झालं.

केंद्राला एक शिक्षिका नेमायची होती. तालुक्याहून सरकारी साहेब येणार, वड्या पाहणार, आणि जिची वडी पास तिला जागा. सत्यशीला मूलला नववीपर्यंत शिकलेली. लग्न झालं आणि सहा वर्षं धानाची रोवणी, निंदण, कापणी यांतच गेली. ती शिकलेली आहे हे कुणाच्या घरी पत्र आलं तरच गावाला आठवायचं. ही जागा तिला हवी होती, इतकी की तसं तोंडानं बोलायचीही तिला भीती वाटायची.

पण रंग ऐकेना. शेजारची शकुबाई चिमूटभर भुकटी सरळ उकळत्या साबणात टाकायची आणि आंबील ढवळावी तशी घरघर ढवळायची. वर फेस, आत भुकटीच्या गोळ्या, आणि वडी शेवाळलेल्या धोंड्यासारखी. सत्यशीलाचंही महिनाभर तेच चाललं होतं. एके दिवशी कढीसाठी बेसन घोळता घोळता तिचा हात थांबला. बेसन आपण उकळत्या ताकात कोरडं टाकत नाही, मग रंग काऊन टाकतो?

दुसऱ्या दिवशी तिनं भुकटी दोन चमचे तेलात घोळली, बोटानं एकेक गोळी फोडली, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळली. साबणाची उकळी बसू दिली, रंग घातला, एकाच अंगानं हळूहळू फिरवला. वर साय धरायला लागली तेव्हाच ओतलं, नाहीतर रंग तळाला जाऊन बसतो, हे तिला आधीच्या बिघडलेल्या वड्यांनी शिकवलं होतं.

"बेसन घोळून राह्यली का साबन करून राह्यली वो?" सासू बायनाबाईनं विचारलं.

"दोनी एकच हाये, आत्याबाई," सत्यशीला म्हणाली. वडी फोडली, तर आतूनही तोच हिरवा. तिला इतका आनंद झाला की त्या दिवशी भात करपला तरी बायनाबाईचं बोलणं तिला गोडच वाटलं.

साहेब जीपनं आले. शकुबाईच्या वड्या पाहून "हं" म्हणाले. सत्यशीलाची वडी उजेडात धरली, फोडली, आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा कडक झाला.

"कुठून आणलीत?"

"इथीच केली साहेब, मीच केली."

"असा रंग कारखान्यात येतो. बाजारचा माल सरकारला दाखवता?"

सत्यशीलानं पत्रक काढून त्यातली ओळ वाचून दाखवली. "हिरवा सगळीकडे सारखा असावा."

"पत्रकात तसं लिहावंच लागतं," साहेब म्हणाले. "तसं होत नाही, म्हणून तर केंद्रं काढलीत." त्यांनी शकुबाईची वडी उचलली. "ही बघा. यात हात दिसतो. आता माझ्यासमोर करा. पुन्हा कारखान्यासारखी निघाली, तर यंत्र कुठं लपवलंय याची चौकशी लावावी लागेल. हाताची निघाली, तर नेमणूक आजच."

गावात अजून वीज आली नव्हती. यंत्र लपवायचं तर कशावर चालवायचं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

चूल पेटली. साबण वितळला. सत्यशीलानं सवयीनं तेलाचा चमचा हातात घेतला. तिनं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा बांधापलीकडच्या चिखलाकडे. रोवणी पंधरा दिवसांवर आली होती. तिनं चमचा खाली ठेवला, कोरडी भुकटी उकळत्या साबणात टाकली आणि आंबिलीसारखं ढवळलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ढवळणं थांबलं नाही.

थंड झालेली वडी पाहून साहेब खूश झाले. "हे अस्सल!"

"माह्यासारखीच त केली तिनं," शकुबाई फणफणली. "मंग मले काऊन नाई?"

"त्यांना पत्रक वाचता येतं," साहेब म्हणाले आणि सही केली.

महिन्याभरात नवं पत्रक आलं. प्रत्येक वडीवर हातकामाच्या खुणा स्पष्ट असाव्यात, गुळगुळीत एकरंगी माल नापास. जंगलाकडच्या गावांतून सात बाया शिकायला आल्या. सत्यशीला खुर्चीवर बसून त्यांना आंबिलीसारखं ढवळायला शिकवू लागली. चुका कशा होतात हे तिच्याइतकं नीट कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे शिकवणी झकास चालली.

त्या सातांत सोमारी होती, गोंडांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, कमी बोलणारी. चौथ्या दिवशी ती धावतच पडवीत आली. वडी तिनं दोन्ही हातांत धरली होती.

"पाहा ना बाई! रंग आधी तेलात मिसळला. कुठीच डाग नाई."

सत्यशीलानं वडी फोडली. आतूनही तोच हिरवा. सोमारीला हे कुणीच शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच शोधलं होतं. सत्यशीलाचे डोळे भरून आले. या बाईला उठून मिठी मारावी असं तिला वाटलं. बाकीच्या सहा जणी बाई काय म्हणतात ते पाहत होत्या.

"हे नाई चालत, सोमारी. परत वितळव."

"काऊन बाई? माह्यं काय चुकलं?"

"रंग बरोबर नाई."

सोमारीनं फोडलेल्या वडीचे तुकडे बाईंच्या हातून घेतले. मग बाई शिकलेल्या, त्यांना कळत असेल, असं मानून तिनं ते गंजात टाकले. तुकडे विरघळेपर्यंत सत्यशीला तिच्याजवळ उभी राहिली. मग तिनं डब्यातली कोरडी भुकटी चिमटीत घेतली आणि स्वतःच्या हातानं सोमारीच्या गंजात टाकली.